दरीवरचं पितळी चाक

दरीपलीकडच्या हवामान ठाण्यात तिचा धाकटा भाऊ दरडीखाली पाय चिरडल्यानं पडून होता. डॉक्टरीणबाईंना त्याच्यापर्यंत वेळेत पोचवायचं, नाहीतर पाय जाणार, कदाचित भाऊही. त्यासाठी तिघं निघाले होते: डॉक्टरीणबाई, एक म्हातारा वाटाड्या आणि ती. दरीवर पोलादी तार होती, तारेवरून चालणारा पाळणा होता. पण त्याचं चाक फुटलं होतं. नवं चाक तिच्या पाठीवर होतं.

ते तिनंच लेथवर कातलं होतं. पितळेचं चाक, मधे पोलादी आस, दोघांत केसाचीही फट नाही. भट्टीशेजारी तिनं ते एका बोटानं फिरवलं, तर कारखान्यातली माणसं हातातलं काम टाकून बघतच राहिली. तिचा हात होताच तसा.

दोन दिवस बर्फातून चढण झाली. एका निसरड्या कड्यावर वाटाड्याचा पाय सुटला, दोरानं त्याला तारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दरी आली. चाक बसलं, पाळणा ढकलला.

चाक जागचं हलेना!

तिनं तेल पुसलं, हातोडीनं ठोकलं. ढिम्म. वाटाड्या हळूच म्हणाला, आता परत फिरलेलं बरं. ती मात्र चाकाकडे टक लावून बसली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थंडीनं सगळेच धातू आकसतात, पण पितळ पोलादापेक्षा जास्त. आकसलेल्या पितळेनं आस घट्ट आवळून धरला होता.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "माप घेतलं ते भट्टीजवळच्या उबेत. इथली थंडी विचारातच घेतली नाही."

डॉक्टरीणबाईंनी थर्मासातलं गरम पाणी ओतलं. क्षणभर वाफ आणि चाक गर्रकन फिरलं! निर्जीव धातूला ऊब अशी कळावी, याचं तिला त्या घाईतही कौतुक वाटलं. बाई पाळण्यात चढायला निघाल्या, तशी तिनं त्यांना अडवलं. दरीच्या मध्यावर चाक पुन्हा गार होणार होतं, पुन्हा अडकणार होतं.

एक थर्मास उरला होता. तो ओतून तिनं आस ठोकून बाहेर काढला आणि पॉलिश कागद घेतला. आरशासारखं चकाकणारं भोक ती स्वतःच्या हातानं खरवडू लागली. जीव तुटत होता, बोटं बधिर झाली होती. चाक पुरतं गारठल्यावर तिनं आस घालून पाहिला. अडकला. पुन्हा घासलं. अडकला. पुन्हा! शेवटी आस सैल, डुगडुगता बसला.

दोघी पाळण्यात चढल्या. वाटाड्यानं दोर सोडला. वारा उसळला! पाळणा गरकन वळला, तार करकरली, खाली नुसती पोकळी. चाक खडखडत होतं. पण फिरत होतं!

ठाण्याच्या खोलीचं दार तीन तास बंद होतं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पाय वाचला म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

ती आत गेली. भाऊ पांढराफटक पडला होता, जीभ मात्र शाबूत होती.

"ताई, केवढा खडखडाट गं त्या पाळण्याचा! कुणा अडाण्यानं केलंय ते चाक?"

"मीच," ती म्हणाली. आपल्या कामाची अशी निंदा तिनं जन्मात ऐकली नव्हती. पण कुठल्याही शाबासकीपेक्षा ती गोड लागली, आणि तिला रडूच फुटलं.