आईच्या आवाजाचा वेग

तबकडी सुरू झाली की शर्वाणीची आई चिमणीसारखी चिवचिवायची आणि संपता संपता तिचा आवाज घोगरा व्हायचा. एकाच बाईचे इतके आवाज कसे?

अकरा वर्षांची शर्वाणी चंद्रावरच्या वस्तीत आजोबांबरोबर राहत होती. नऊ वर्षांपूर्वी सौरवादळ (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा लोंढा) आलं आणि वस्तीतले सगळे संगणक कोरे झाले. बाहेर अडकलेल्या दोघांना आणायला गेलेली तिची आई, मृणाल, परतलीच नाही. मागे उरली ती तिच्या आवाजाची एक तबकडी आणि आजोबांनी हौसेने बनवलेला चावीचा ग्रामोफोन. तो शर्वाणीला गेल्या आठवड्यात कपाटात सापडला होता.

"आजोबा, हा दुरुस्त का नाही केलात?"

"धीर झाला नाही गं," आजोबा म्हणाले. मग त्यांनी ग्रामोफोनची पेटी उघडली.

आत एका दांड्याभोवती तीन पोलादी पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीवर एक पितळी गोळी. एक पट्टी तुटली होती.

"हा वेगनियामक (वेग कायम राखणारा भाग). चावी दिली की स्प्रिंग आधी जोरात ओढते, मग तिचा जोर ओसरतो. म्हणून आवाज आधी बारीक, नंतर घोगरा."

"मग या गोळ्या काय करतात?"

"फिरणारी वस्तू सरळ निसटायला बघते. वेग वाढला की गोळ्या बाहेर फाकतात, पट्ट्या वाकतात आणि त्यांना जोडलेली ही चकती ओढली जाऊन चामड्याच्या गादीवर घासते."

"म्हणजे ब्रेक!"

"हो. वेग उतरला की गोळ्या आत येतात आणि ब्रेक सुटतो."

आजोबांनी कापून दिलेली नवी पट्टी शर्वाणीनेच बसवली. आता आवाज एकसारखा आला, पण फारच बारीक.

"वेग राखायचं काम तो करतोय. पण कोणता वेग राखायचा, ते आपण सांगायचं," आजोबांनी गादीमागचा स्क्रू दाखवला.

"मी कसं सांगू? मला आईचा आवाज आठवतच नाही."

आजोबांनी तबकडी पुन्हा लावली. डोळे मिटून ते स्क्रू फिरवत राहिले. जरा जास्त, मग थोडा मागे. मग त्यांची बोटं थांबली.

"बाबा, सुरू झालंय का? काय बोलू? अगं शर्वू, ते तोंडात नको घालूस!" आणि मग हसणं.

"हीच," आजोबा म्हणाले.

तबकडी संपली तरी शर्वाणी त्यांना बिलगून बसली होती. मग तिने एक सुई घेतली आणि स्क्रूच्या खाचेसमोर पितळेवर बारीक रेघ ओढली.

"ही कशाला?"

"मोठी झाल्यावर मला हे माझ्या मुलांना ऐकवायचंय. स्क्रू हलला असला तर? आणि तेव्हा तुम्ही..."

आजोबांनी तिच्या हातातली सुई घेतली आणि तीच रेघ आणखी खोल केली.