ओठ हलवू नका

"वर कोण खुर्च्या ओढतंय?"

दारात एक उंच माणूस उभा होता. पांढरा कोट, दुमडलेल्या बाह्या, हनुवटीखाली ओढलेला मास्क. कपाळावर आठ्या होत्या, पण रागावणं त्याला काही नीट जमत नव्हतं.

"मी खालचा दातांचा डॉक्टर. तुमची खुर्ची करकरली की माझ्या पेशंटला वाटतं, आपलाच दात निघाला!"

सगळा वर्ग खुदकन हसला. आमच्या चित्रकलेच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी चित्रासाठी समोर बसायला येणारे आजोबा आलेच नव्हते आणि बाई केव्हापासून रिकाम्या स्टुलाकडे बघत होत्या.

"भांडायचंय ना? जरूर भांडा," त्या म्हणाल्या, "पण त्या स्टुलावर बसून. आणि मान जरा डावीकडे."

तो बसला! का बसला म्हणून मी पुढे एकदा विचारलं, तर म्हणाला, "बाईंचा आवाज ऐकून शाळा आठवली. शिवाय... पहिल्या रांगेत तुम्ही होतात." यातलं दुसरं कारण मला ऐकूच आलं नाही, असं मी दाखवलं.

मी पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. झडपा, नळ्या, चकत्या. माझ्या कागदावरून लोखंड कापलं जातं, त्यामुळे केसभर चूक चालत नाही, आणि माझी होतही नाही. माझ्या रेघेचा मला अभिमान होता. माणसांचे चेहरे शिकायला वर्गात नाव घातलं तेव्हा वाटलं होतं, अख्खा पंप जमतो, तिथे नाकाचं काय एवढं!

पण मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात बाईंनी माझं एकही चित्र लावलं नव्हतं. "मापं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या होत्या, "माणूस गैरहजर आहे." ते वाक्य मला कुसळासारखं टोचत होतं. यंदा भिंतीवर जागा मिळवायचीच, असा मी हट्टच धरला होता.

त्यानंतर डॉक्टर दर शनिवारी दवाखाना बंद करून वर येऊ लागला. स्टुलावर बसायचा, हसायचा आणि बोलत राहायचा.

"ओठ हलवू नका," मी म्हणायचे.

"मग 'हो' कसं म्हणू?"

"कशाला हो?"

"तुम्ही अजून विचारलं कुठे!"

माझ्या हातातली कोळशाची कांडी मोडायची. शेजारची मुलगी चित्राच्या फळीआड तोंड लपवून हसायची. मी मात्र मान वर न करता त्याच्या कानाची पाळी काढत राहायचे. ती तरी गप्प बसते...

"दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडतात," तो एकदा म्हणाला, "पण बोलत कोणीच नाही. म्हणून इथे साठलेलं सगळं बाहेर पडतं."

त्याचं हसू मोठं देखणं होतं. मी ते पुन्हा पुन्हा काढलं. दातांची ओळ, गालावरची खळी, सगळं जिथल्या तिथे. एका शनिवारी धीर करून कागद त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ पाहिलं.

"छान आहे. ओळखपत्रावर लावता येईल."

मला असा राग आला! "तुम्हाला चित्रातलं कळतं काय?"

"काहीच नाही," तो हळूच म्हणाला. "पण हा माणूस मला ओळखीचा वाटत नाही हो."

बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डोळे अर्धे मिटून बघ. आधी सावल्या दिसू देत, रेघा मागाहून. आणि हसणारं माणूस तोंडाकडे बघून काढू नकोस. तोंड खोटं बोलू शकतं. खालची पापणी खोटं बोलत नाही."

मी घरी जाऊन तो कागद टराटरा फाडला. राग चित्राचा होता की त्या माणसाचा, ते मलाच कळेना. पुढच्या शनिवारी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तोही नेमका गप्प बसला. आणि तो गप्प बसलेला मला मुळीच आवडला नाही...

तेवढ्यात बाबांची दाढ ठणकू लागली. माझे बाबा म्हणजे आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली माणसं वळून बघतात. पण दाताच्या दवाखान्याच्या पायरीवर त्यांचं पार मांजर झालं. माझं बोट धरून आत आले.

"भीती वाटते का?" डॉक्टरने विचारलं.

"छे!" बाबा म्हणाले आणि माझा हात आणखी घट्ट धरला.

डॉक्टरने मास्क वर ओढला. ते देखणं हसू झाकलं गेलं, आणि मी पहिल्यांदा त्याला पाहिलं.

बाबांनी तोंड उघडलं तसं मास्कचं कापड ताणलं गेलं. आतून त्याचंही तोंड उघडलं होतं! बाबांच्या भुवया वर गेल्या की त्याच्या जायच्या. बाबा कळवळले की त्याच्या डोळ्यांखालची पापणी थरथरायची, जणू त्याचीच दाढ दुखतेय. हात मात्र जराही हलत नव्हता. भिऊ नका, मी आहे ना... हे सगळं तो एक अक्षरही न बोलता सांगत होता.

घरी आल्यावर मी मोजपट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. आधी कागदभर कोळसा पसरला आणि मग खोडरबराने उजेड काढत गेले. कपाळावरचा, नाकाच्या कडेचा, पापणीतल्या पाण्याचा. मास्क दोनचार फराट्यांत झाला. रेघ थरथरली तिथे थरथरू दिली. हात काळे झाले, नाक काळं झालं, आणि अख्ख्या आयुष्यात मी एवढी खूश कधीच झाले नव्हते.

बाईंनी चित्र पाहिलं. दारासमोरच्या भिंतीवर, अगदी मधोमध, स्वतःच्या हाताने लावलं.

प्रदर्शनाला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. चित्रासमोर थांबला.

"अहो, तोंडच झाकलंत की! एवढे शनिवार फुकट हसलो मी..." आणि एकदम थांबला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "शिकत असताना सर ओरडायचे. पेशंटचं दुखणं तुझ्या तोंडावर दिसतं म्हणायचे. म्हणून हसायला शिकलो. वाटलं, मास्कमागचं कोणाला दिसत नसेल."

"मला दिसलं."

"आणि?"

"आणि... मला तेच आवडलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो हसला, आणि या वेळी खालची पापणीही हसली.

मागे बाबांचा आवाज घुमत होता. माझ्या कुठल्याही गोष्टीला आजवर "बरंय" यापलीकडे काही न म्हणणारे माझे बाबा एकेका अनोळखी माणसाला धरून सांगत होते, "माझ्या मुलीने काढलंय! डोळे बघा, डोळे! बघूनच माझी दाढ पुन्हा दुखायला लागली."

एक वयस्क बाई चित्राजवळ आल्या. चष्मा सरसावून त्यांनी नीट पाहिलं.

"किती मायेने काढलंय गं! कोण हे तुझे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. डॉक्टर म्हणावं? मित्र म्हणावं? एकही शब्द पुरेना. बाबा बघत होते, आमच्या बाई बघत होत्या, सगळा वर्ग बघत होता.

"हे..." मी म्हणाले आणि अडखळले.

"पुढचं सुचेपर्यंत," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "नुसतं 'हे' म्हटलंत तरी चालेल मला. जन्मभर."

कान तापले, गाल तापले. पण मान खाली घालावी असं एकदाही वाटलं नाही. मी ताठ उभी राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हे ना? हे माझे."