मास्तरांनी धरून ठेवलेली नोंद

इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे तिथे दुपार काय नि मध्यरात्र काय, सगळं सारखंच. ताई जेवून आली आणि कामाला लागली. काम डाव्या हातचा मळ होता: चाचणीसाठी बनवलेले खोटे रुग्ण डेटाबेसमधून पुसून टाकायचे. ज्या स्क्रीनवर ती कोड लिहायची, तिथेच एका कडेला डेटाबेसही उघडा असे. तिने पुसायचा हुकूम दिला. स्क्रीनवर वाट बघायला लावणारं चक्र गरगरत राहिलं.

"कोण बसलंय बाई वाट अडवून?" ती पुटपुटली आणि डेटाबेसला कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी पाहिली.

मास्तर.

ज्यांनी तिला हे काम शिकवलं, ते मास्तर. गेल्या महिन्यात ते वारले. त्यांचं खातं तिनेच डोळे पुसत बंद केलं होतं. खोलीत लवंगेचा वास येऊ लागला. मास्तर दिवसभर लवंग चघळत असत.

त्यांनी एकच नोंद धरून ठेवली होती; धरलेली नोंद सुटेपर्यंत दुसऱ्या कुणाला पुसता येत नाही. ताईने नाव वाचलं. बाबा. तिचे स्वतःचे वडील, कालच वरच्या वॉर्डात दाखल झालेले. खोट्या रुग्णांत ते आले कुठून?

मग तिने स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे पाहिलं. जोडणी चाचणीच्या डेटाबेसची नव्हतीच, खऱ्या इस्पितळाच्या होती. खऱ्या जोडणीला लाल रंग द्यायचाच, हा मास्तरांचा दंडक. डोळ्यांना खुपतो म्हणून तिने तो परवा काढून टाकला होता. अख्ख्या वॉर्डाची औषधं, रक्तगट, सगळं ती पुसत होती. असा हुकूम पुरता तरी होतो नाहीतर मुळीच नाही; एक नोंद अडली, म्हणून काहीच पुसलं गेलं नव्हतं.

तिने हुकूम रद्द केला. "उपकार झाले, मास्तर," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं.

मास्तर मात्र नोंद सोडेनात. बघता बघता यादीत त्यांच्या मागे तिचाच हुकूम पुन्हा येऊन उभा राहिला. तिचे हात मांडीवर होते. या वेळी त्यात वॉर्ड नव्हता, फक्त बाबांची नोंद होती.

तिने रद्द केला. तो परत आला... पुन्हा केला. पुन्हा आला...

शेजारच्या टेबलावर सर्व्हर सांभाळणारा बसायचा. "ताई, दोन जोडण्या अडकल्यात," तो मान न वळवता म्हणाला. "बंद करतोय हं."

"थांब..." ती खुर्चीतून उठली. "माझी कर. मास्तरांच्या जोडणीला हात लावू नकोस..."

आता त्याने मान वळवली.

"मास्तरांची तर झाली बंद, ताई. तुमची होत नाहीये."