उजवं बटण

कारखान्यातल्या प्रेसखात्याच्या दारावर रखवालदार म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेरच बसा."

"बसायचंच असतं तर घरी काय खुर्च्या कमी होत्या?" म्हणत म्हातारी आत शिरली.

लेकाचा उजवा पंजा आतल्या पत्रा ठोकायच्या प्रेसनं खाल्ला होता. भरपाई द्यायची की नाही, ते आज तपासनीस ठरवणार होता. प्रेसला दोन बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही हात बटणांवर असतील तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे आत हात सापडायला नको. मालक म्हणे, पोरानं उजवं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात पाचर ठोकली होती. युनियनचा पुढारी म्हणे, यंत्रच बिघडलंय, एका बटणावरही पडतं.

पाचर होती. लेकानंच इस्पितळात तिच्या कानाशी सांगितलं होतं, "आई, काम उरकायला सगळेच ठोकतात." तिनं ते पोटातच ठेवलं होतं. यंत्र धडधाकट होतं आणि आज ते तसंच निघालं, तर लेकाच्या पदरी भोपळा.

फिटरनं डावं बटण दाबलं. प्रेस हलली नाही. मालक गालात हसला. पुढारी स्वतःचे बूट बघत बसला.

"पुन्हा दाबा," लेक म्हणाला. तो लांब भिंतीला टेकून होता, घामानं डबडबलेला.

फिटरनं दाबलं. म्हातारी उजव्या बटणाशीच उभी होती. तिथं दुसरं कुणी नव्हतं. बटण सावकाश आत गेलं, दमलेल्या माणसानं दाबावं तसं.

ठोकळा धाडकन आदळला. पायाखालची फरशी हादरली.

"पडली की हो एका बटणावर," पुढारी म्हणाला. त्याचा स्वतःच्याच शब्दांवर विश्वास बसत नव्हता.

"बघू," तपासनीस चष्मा पुसत म्हणाला.

म्हातारीनं आधी बघितलं. बटणाभोवतीच्या तेलकट पत्र्यावर पंजा उमटला होता. ताजा. करंगळी वाकडी, तिच्या लेकाची होती तशी.

तपासनीस वळायच्या आत तिनं तळव्यानं तो पुसायला घेतला.

हात परत येईना.

चालायला शिकताना पोर धरतं, तसं तिचं एक बोट कुणीतरी मुठीत धरलं होतं. मूठ गरम होती. ओली होती.

तिनं हिसका दिला.

भिंतीशी लेक कळवळला.

"ओढू नकोस, आई," तो हळूच म्हणाला. "दुखतंय."