मोन्स काय ओलांडत होता

पाण्यापलीकडे तो दिवा दिसतोय ना, हाल्वारच्या दारावरचा? जूनमध्ये इथे धड रात्रसुद्धा होत नाही, तेव्हाही तो जळतच असतो. म्हातारा विझवायचं विसरतो का, असं सिग्ने परवा विचारत होती. विसरत नाही, बाई. विसरता आलं असतं तर सुटला असता. कॉफी ओतून घ्या, सांगतो. मध्ये तोंड घालायचं नाही.

हाल्वार आणि आयलर्ट, सख्खे भाऊ. आयलर्ट थोरला. हाल्वारचं घर खाडीच्या त्या काठाला, आयलर्टचं बरोबर समोर, आपल्याच काठाला, टेकाडाआड. इथून दिसत नाही. बाप गेला आणि होडी ठेवायच्या शेडवरून दोघांचं फाटलं. अकरा वर्षं बोलणं बंद. दोघंही एक नंबरचे आडमुठे, हाल्वार त्यातही जास्त. पण एक गोष्ट त्यांनी मोडली नाही, कारण मरताना आईला शब्द दिला होता. रोज रात्री नऊला प्रत्येकाने दारावरचा दिवा एकदा लावायचा आणि विझवायचा. म्हणजे मी आहे, ठीक आहे.

त्या फेब्रुवारीत एका रविवारी आयलर्टचा दिवा लागला नाही. सोमवारी नाही. मंगळवारीही नाही. हाल्वार स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून बघत होता. होडी खाली बांधलेली, पाणी शांत, वीस मिनिटांचं वल्हवणं. गेला नाही. ‘आता दिवाही बंद केला का? करू दे. मी नाही जायचा आधी,’ म्हणाला आणि झोपला.

बुधवारी टपाल वाटणाऱ्या रागनाला आयलर्ट सापडला. बाहेरच्या दाराशी, दिव्याच्या बटणाखाली आडवा. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, उभ्या जागी कोसळला, त्याला कळलंसुद्धा नसेल. हे वाक्य हाल्वारने जिवापाड जपलं. दफनाच्या दिवशी भेटेल त्याला तेच ऐकवत होता. तीन रात्रींबद्दल मात्र चकार शब्द नाही. आयलर्ट पटकन गेला असेल तर हाल्वारवर काही येत नव्हतं, कळलं का? सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

आता पुढचं. त्याच वर्षी नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. आयलर्टच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. तीन रात्री राहायच्या तयारीने हाल्वार होडीतून गेला. घर रिकामं करायचं आणि मोन्सची वाट लावायची, एवढंच काम. मोन्स म्हणजे आयलर्टचा बोका. हो, शेगडीपाशी पसरलाय तोच. धनी गेला तरी घर सोडेना, म्हणून रागना त्याला येता-जाता खायला घालायची. हाल्वारला बघितल्याबरोबर त्याने कान पाडले आणि फिसकारला.

‘फुगू नकोस,’ हाल्वार म्हणाला. ‘तुझ्यासाठी पोतं आणलंय.’ असलंच बोलतो तो.

त्या घरात एक अरुंद बोळ आहे. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार. रात्री नऊच्या सुमारास हाल्वार बोळाच्या कडेला, खोलीच्या दारात बसून पाव-चीज खात होता. बोका जिना उतरून आला. खालच्या पायरीपाशी थांबला, हुंगलं. मग पुढचा पंजा उचलला, पार छातीएवढा उंच, आणि पलीकडे टाकला. मग दुसरा. मग मागचे दोन्ही, तसेच. जमीन मोकळी होती. साधी चटईसुद्धा नाही.

‘म्हातारचळ लागला तुला,’ हाल्वार म्हणाला आणि खात राहिला.

बुधवारी पुन्हा नऊ. या वेळी बोका जिन्यापाशी न थांबता सरळ चालत आला. बोळाच्या मध्यावर थांबला. हुंगलं. आणि तिथे पाय उचलले. एक, दोन... तीन, चार.

काय म्हणालीस, सिग्ने? मांजराला इतके दिवस आठवतं का? अगं, तुझ्या मावशीच्या मांजरीची शेपटी एकदा तळघराच्या दारात सापडली, सात वर्षं झाली, अजून त्या दारातून जात नाही. आणि आयलर्ट केवढा धिप्पाड! पडला तर बोळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बंद. मोन्सला धन्याला ओलांडूनच हिंडावं लागलं असणार. पण मग दाराशी ओलांडायचं ना? रागनाला तो दाराशी सापडला होता.

हाल्वारच्या डोक्यात हेच आलं. घास तोंडात तसाच राहिला. जिन्यापाशी... रविवार. मध्यावर... सोमवार. म्हणजे आयलर्ट दाराशी कोसळला नव्हता. जिन्यावरून पडला होता. आणि मग सरपटत होता.

शहाणा असता तर गुरुवारी सकाळीच निघून गेला असता. पोतंही तसंच पडून राहिलं. त्याला बघायचंच होतं. आज बोका सरळ चालला तर बोका खुळा आणि डॉक्टर खरा. संध्याकाळपासून खुर्चीत बसून राहिला. जेवला नाही.

नऊ वाजले.

जिन्यावर पंजे वाजले. मोन्स आला. पायरीपाशी... सरळ. मध्यावर... सरळ. हाल्वारने श्वास सोडला.

दाराशी बोका थांबला. बटणाखाली. हुंगलं.

पंजा उचलला.

हाल्वार उठला, तिथे गेला आणि गुडघ्यांवर बसला. वर बघितलं. बटण हातभर उंच. तीन रात्रींत आयलर्ट इथवर आला होता. दिवा लावायला. हातभर राहिलं होतं.

‘आयलर्ट,’ तो म्हणाला. ‘मी बघत होतो रे. मला वाटलं, तू मुद्दाम...’

मोन्स वळला. हाल्वारकडे बघत दोन पावलं आला. थांबला. हुंगलं.

आणि पंजा उंच उचलला... हाल्वारच्या गुडघ्याला लागून.

मागच्या दाराने पळाला तो. साडेदहाला माझ्या दारात उभा, एका पायात बूट नाही. या खुर्चीत बसवला. उजाडेपर्यंत मला हे सगळं सांगत होता, तीन रात्रींसकट. मी त्याला बरं वाटेल असं काही बोललो नाही. भाऊ पलीकडे सरपटत होता आणि हा खिडकीत बसून होता.

सकाळी रागना मोन्सला खोक्यात घालून घेऊन आली, ठेवून घ्या म्हणाली. खोकं उघडलं. बोका शेगडीकडे निघाला, हाल्वारच्या खुर्चीमागून. खुर्चीमागे थांबला. हुंगलं. आणि पाय उंच उचलले. एक, दोन... तीन, चार.

हाल्वारने मान वळवून बघितलं. माझे बूट पायात घातले आणि गेला. त्या रात्रीपासून त्याचा दिवा विझलेला नाही.

त्याच्यामागे दार लावलं तेव्हा मोन्स दुधाला उठला. त्याच वाटेने परत आला, खुर्चीमागून. मी बघत होतो. या वेळी कुठे थांबला नाही. सरळ चालत आला.