निळं टोपडं

दवाखान्यात जायची पिशवी मीच घाईघाईत भरली होती. वॉर्डात उघडली तर माझ्या कपड्यांत बाळाचं निळं टोपडं आलेलं. धुतलेलं नव्हतं, दुधाचा वास तसाच होता. ते नाकाशी धरून मी खूप रडले.

बाळंतपणानंतर माझं अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. तपासणीत दिवस गेल्याचं दिसायचं, पोटात मात्र मूल नव्हतं. बाळामागून पडते त्या वारेचा कॅन्सर आहे, क्वचित कुणाला होतो, पण औषधाला दाद देतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माझा जीव मात्र घरी सासूबाईंकडे ठेवलेल्या बाळात अडकलेला. मी गेले तर त्याचं कोण बघणार?

शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळे थोरली म्हणायचे. तिलाही हाच आजार, पण ती फार उशिरा आली होती. तिचं मूलही जगलं नव्हतं. औषधाने दोघींचेही केस गेलेले, तर तुझ्यापेक्षा माझं टक्कल जास्त चमकतं, असं म्हणून मला हसवायची. टोपड्याचा वास घ्यायला म्हणून तिने ते मागितलं आणि परत दिलंच नाही.

“तू औषध घे निवांत... बाळाकडे मी बघते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती गेली. पंखा फिरत होता, वॉर्डात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. नर्सने तिची मूठ सोडवून पाहिली, सुटेना. टोपडं तिच्याबरोबरच गेलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

माझे रक्ताचे रिपोर्ट हळूहळू सुधारत गेले. शेवटचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा डॉक्टरीणबाईंचे पाय धरावेसे वाटले. घरी आले तर बाळ गुटगुटीत झालेलं. सासूबाईंचे उपकार कसे फेडू म्हणाले, तर त्या म्हणाल्या, मी एकटी काय करणार होते, तू पाठवलेल्या बाईनेच सांभाळलं. रोज दुपारी यायची. बोलायची कमी, डोक्याचा रुमाल कधी सोडायची नाही, पाण्याचा घोटही घ्यायची नाही.

“कोणती बाई, आई?”

त्यांनी पाळण्याकडे बोट केलं. “अगं, हे टोपडं घेऊन आली होती ना तुझ्याकडून...”

बाळाच्या डोक्यावर निळं टोपडं होतं. दुधाच्या वासात स्पिरिटचा वास मिसळलेला.

आता मी धडधाकट आहे. बाळ माझ्याच हाताने जेवतं. पण दुपारी पाळण्यात डोळे मिटायला आले की ते माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या दाराकडे हात पसरतं आणि हसतं. मी त्याला आवरत नाही. तिचं देणं फार आहे माझ्यावर.

मी पाळण्यापासून जराशी बाजूला सरकते. आणि पाळण्याची दोरी आपोआप ताणली जाते.