कोरी ताटली

आईच्या दह्यात जिवाणूची नवी प्रजाती सापडली, आणि ती सापडली एल्फिनाला. मला नाही. त्या घरात जन्मले मी. सुमात्रातल्या पाडांगच्या प्रयोगशाळेत जनुकं वाचून जिवाणूंची कुळं लावता लावता केस पिकले ते माझे. आणि परवा जावाहून आमच्या प्रयोगशाळेत आलेली ही पोर आईकडे भाड्याने राहते काय, तिच्या बांबूच्या नळकांड्यातलं म्हशीचं दही उचलते काय, आणि नाव कमावते काय!

"उनी, प्रजातीला अमाकचंच नाव देऊ या," ती मला म्हणाली.

"अमाक? ती तुझी आई कधीपासून झाली?"

"अहो, तुम्हाला उनी, म्हणजे ताईच म्हणते, मग त्यांना आई नको म्हणू?"

मी आईला फोन लावला. "मला का नाही दिलंस ते दही?"

"तू मागितलंस कधी?" एवढंच बोलली.

आमच्या या दह्याला, दादिहला, विरजण लागत नाही. दूध बांबूत ओतायचं, तोंडाला केळीचं पान बांधायचं. बाकीचं काम बांबूचं आणि बाईच्या हाताचं. जिवाणू आईच्या हातावरचा असेल, तर तिच्या लेकीच्या हातावरही असणार. मग तो आमच्या घरचा. एल्फिनाचा कसला? हे तिच्या तोंडावर मारायचं, म्हणून मी आम्हा तिघींच्या तळहातांवरून कापूस फिरवला, जिवाणू वाढवायच्या काचेच्या ताटल्यांवर टेकवला आणि जे उगवलं त्याची जनुकं वाचली.

आई आणि एल्फिना वंशवृक्षाच्या एकाच फांदीवर आल्या. अक्षराला अक्षर जुळलं.

माझी ताटली कोरी होती.

"साबणाने घासघासून आलात की काय?" एल्फिना हसली.

पुढच्या वेळी हात धुतले नाहीत. गोठ्यात शेण कालवलं, नळकांड्यांत बोटं घातली, आणि तशीच आले. ताटली पुन्हा कोरी. पडताळ्यासाठी नुसत्या उकळलेल्या पाण्याची एक ताटली ठेवतो आम्ही, अगदी तशी. जिवंत माणसाच्या कातडीवर काही ना काही उगवतंच. मेलेल्याच्याही उगवतं.

एल्फिना या वेळी हसली नाही. खुर्ची जरा लांब सरकवून बसली.

"उनी, अमाक हल्ली तुमचं नाव काढत नाहीत."

"भांडण लावतेस?"

"नाही. मी काढलं, तर विचारतात, कोण?"

मी तशीच गावी गेले. दुपार होती. आई ओसरीवर बांबू पुसत बसली होती. मला पाहताच तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. परक्यासमोर करतात तसा.

"या, बसा. दादिह संपलं हो आजचं."

"अमाक, मी नेल्मा."

ती हसली. आत वळून म्हणाली, "ऐकलंस का गं नेल्मा? या बाईंचं नावही तुझंच!"

"आले, अमाक."

एल्फिना बाहेर आली. माझ्याकडे पाहून ओळख नसल्यासारखी मान लववली. गार पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

मी पाणी प्यायले. पेला खाली ठेवला.

पेल्यावर दव धरलं होतं. दवात फक्त एल्फिनाच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

मी तो दोन्ही हातांनी धरला होता.